पांढरी सहाची नळी

या, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकून ऐकणाऱ्याला गोष्ट कळत नाही, फक्त प्रसाद कधी वाटणार ते कळतं. आयुष्यभर कीर्तनं ऐकून मी एवढं एक ज्ञान कमावलं आहे. सरकलात? मग सांगतो. या गोष्टीत राक्षस नाही, शाप नाही, आकाशवाणीही नाही. एक नळी आहे, आणि ती वाजवणारे दारव्ह्याचे मधुसूदन अलोणी आहेत. पण गोष्ट कीर्तनात जाऊन संपते, तेव्हा ऐकल्याचं पुण्य थोडंफार लागेलच.

अलोणी मोजणी खात्यात बत्तीस वर्षं भूकरमापक होते. शेतात साखळी टाकायची, हद्दीचे दगड रोवायचे आणि भांडणाऱ्या दोन्ही भावांच्या शिव्या सारख्या मापाने घेऊन घरी यायचं, हे त्यांचं काम. एखाद्या भावाच्या शिव्या कमी पडल्या तर आपली मोजणी कुठेतरी चुकली, असं समजून ते पुन्हा नकाशा काढून बसत. निवृत्त झाल्यावर त्यांच्याजवळ दोन गोष्टी उरल्या. एक कीर्तनाचं वेड, आणि दुसरी क्लॅरनेट. तिसऱ्या, म्हणजे त्यांच्या पत्नी, सुचित्रावहिनी. त्या ही यादी ऐकून म्हणाल्या होत्या, "माझा नंबर लागला, हेच खूप झालं."

क्लॅरनेट त्यांना शिकवलं अय्यूबभाईंनी. अय्यूबभाईंचं बसस्टँडमागे मोटरसायकलचं गॅरेज, वर पत्रे. लग्नसराईत मात्र ते बँड पार्टीचे मास्तर. चाळीस वर्षं त्यांनी वराती वाजवल्या. दारव्ह्यातली निम्मी लग्नं त्यांच्या फुंकीवर लागलेली आहेत, आणि ती टिकली नाहीत तर त्याला वाद्य जबाबदार नाही, असं ते सांगत. रोज संध्याकाळी दोघं गॅरेजात एका जुन्या बसच्या सीटवर बसत आणि क्लॅरनेटमध्ये काय काय सुधारणा व्हायला पाहिजे यावर बोलत.

"साहेब, या करंगळीच्या चाव्या कोणं बनवल्या असतील?" अय्यूबभाई विचारत.

"ज्याले करंगळी नव्हती त्यानं," अलोणी म्हणत.

"आन् वजन पाहा. सारं अंगठ्यावर. मानसाले चार हात पुढं चालाचं असते, मागं घोडा नाचून राह्यला, वरून हे वजन."

अशा चर्चेतून जगात कुणाचंच नुकसान होत नव्हतं. ते व्हायला कळंबच्या सत्यभामाबाई कारणीभूत झाल्या.

सत्यभामाबाई म्हणजे आमच्याकडच्या थोर कीर्तनकार. वय अठ्ठ्याहत्तर. कळंबच्या एका लहानशा दत्तमंदिरात दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काल्याचं कीर्तन त्यांचंच. त्या बोलायला उभ्या राहिल्या की रडकं पोर गप्प बसतं आणि गप्प माणूस रडायला लागतो. अशा कीर्तनात साथीला बसायचं, हे अलोणींचं स्वप्न. नोकरीत असताना त्यांनी बढतीसाठी अर्ज केला नाही, पण यासाठी तीन केले. अखेर संधी मिळाली, आणि त्या सकाळी, बाई गोकुळातली निःशब्द दुपार रंगवत असताना, पान हलत नाही, वासरू हंबरत नाही असं सांगत असताना, अलोणींच्या क्लॅरनेटने "ची" असा आवाज काढला.

मंडप हसला. बाई हसल्या नाहीत. कीर्तन झाल्यावर त्यांनी अलोणींना शांतपणे सांगितलं, "मधुसूदनराव, पुढच्या वर्षी माझ्या पट्टीचं वाद्य घेऊन या. नाहीतर ऐकायला या. ऐकणाऱ्यालाही पुण्य असतं." अय्यूबभाई त्या दिवशी शागिर्दाचं वाजवणं ऐकायला मुद्दाम आले होते.

आता पट्टी म्हणजे काय, ते एका वाक्यात सांगून टाकतो. गाणारा पेटीवरची जी पट्टी धरून सुरुवात करतो ती त्याची पट्टी, म्हणजे त्याच्या आवाजाचं घर. बँडच्या क्लॅरनेटचं घर काळी पाच. बाईंचं घर गेली पन्नास वर्षं पांढरी सहा. अगदी लागून शेजारी. पण लागून शेजारी असल्याने काय होतं, हे मोजणी खात्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्या एका घराचं अंतर तोडायला बोटं अशी काही वाकडी टाकावी लागतात की घाई झाली की "ची" ठरलेलं.

"मंग असं करू," अय्यूबभाई फेब्रुवारीत एकदा म्हणाले. "पांढरी सहाचंच क्लॅरनेट बनवू. बोटं सीधी, घर बाईचं."

"असं मिळत नाही का इकत?"

"मिळत असन. पन आपन काहून घेऊन राह्यलो इकत? इतके वर्षं नुसत्या गोष्टी केल्या का मंग?"

अलोणींना हे पटलं. त्यांनी बँडच्या क्लॅरनेटची मापं घेतली आणि एकास एक प्रमाणात नकाशा काढला. वर उत्तर दिशा, खाली तारीख आणि सही. प्रत्येक भोकाला गट नंबर. सूर एक घर खाली न्यायचा तर नळी सव्वादोन फुटांहून बोटभर जास्त हवी, हेही त्यांनी गणिताने काढलं.

पहिली नळी होती ठिबक सिंचनाची. घरात पडलेली होती. ती गॅरेजच्या उन्हात मऊ पडली आणि फुंकताच शरमल्यासारखी मान खाली घाली. दुसरी नळी पाण्याची, अर्ध्या इंचाची, पांढरी. ती सरळ राहिली, पण अय्यूबभाईंनी नकाशा समोर टांगून भोकं पाडली. नकाशा ऐकणाऱ्याच्या बाजूने काढलेला. भोकं वाजवणाऱ्याच्या बाजूला पाहिजे होती. डाव्या करंगळीचं भोक उजव्या हाताला गेलं.

"हद्दीचा वाद झाला हा," अलोणी म्हणाले.

"वाद कायचा, साहेब. तुम्ही नकाशा काढला, मी कब्जा घेतला."

तिसऱ्या नळीला मात्र रूप येऊ लागलं. चाव्या सायकलच्या आऱ्यांच्या, स्प्रिंगा बॉलपेनातल्या, भोकांवरच्या गाद्या ट्यूबच्या रबराच्या. खालचा पसरट तोंडाचा भाग म्हणजे पेट्रोल ओतायचं नरसाळं. त्यामुळे लांब सूर धरला की वाजवणाऱ्याला किंचित चक्कर येई. मुखाला तेवढा बँडच्या जुन्या क्लॅरनेटचा खरा तुकडा बसवला.

सराव घरी सुरू झाला, आणि शेजारही कामाला लागला. समोरच्या साधनाताईंनी पहिल्या दिवशी विचारलं, "वहिनी, तुमच्याकडं कोनाचं वासरू बांधलं हाये का?" दुसऱ्या दिवशी त्यांनी समजूत काढली, "निवृत्तीनंतर असं होते बाई. आमच्या ह्यांनी मधमाश्या पाळल्या होत्या. तुमचं बरं, चावत तरी नाई." सुचित्रावहिनी संयमी बाई. त्यांनी नळीकडे एकदा पाहून एवढंच विचारलं, "हे पाणी कुठून कुठं नेणार आहात?" त्यानंतर सरावाची जागा घराच्या गच्चीवरून गॅरेजात हलली.

खरं संकट आलं ते धर्मपालभाऊंच्या रूपाने. हे पलीकडच्या गल्लीत राहणारे, पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले, आणि नळी दिसली की ज्यांना राहवत नाही असे गृहस्थ. ते गॅरेजात आले, नळी हातात घेतली, तोंडाजवळच्या सांध्याला कान लावला आणि म्हणाले, "लिकेज आहे."

"धर्मपालभाऊ, तो सांधा सैलच पाहिजे," अलोणी म्हणाले. "सूर चढला-उतरला तर तिथून ओढून कमीजास्त करता येते."

"लिकेज ते लिकेज. गावात एवढी लाइन टाकली मी. सैल सांधा म्हणजे उद्या खड्डा." असं म्हणून त्यांनी खिशातून पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा डबा काढला. माणूस असा डबा खिशात घेऊन का फिरतो, हे विचारेपर्यंत सांधा चिकटून गेलाही होता. अलोणींनी अय्यूबभाईंकडे पाहिलं. अय्यूबभाई कार्बोरेटर धूत होते. "राहू द्या साहेब," ते म्हणाले. "मजबूत झालं."

म्हणजे आता ही नळी एकसंध झाली. उघडत नाही, आखडत नाही, कुठल्या पिशवीत मावत नाही.

सूर बसवायचा दिवस आला तो मे महिन्यातला. शाळेची पेटी सुट्टीपुरती मागून आणली होती. बाहेर पंचेचाळीस अंश, पत्र्याखाली किती ते मोजायची हिंमत झाली नाही. अलोणी म्हणाले, पाऊस पडल्यावर करू. पण अय्यूबभाई ऐकेनात. "आजच. पेटी परत द्याची हाये." मग घाम पुसत पुसत, कानशीने एकेक भोक कणाकणाने मोठं करत, दोघांनी नळी पांढरी सहाला अशी मिळवली की पेटी कुठली आणि नळी कुठली ते कळू नये. अलोणींच्या डोळ्यात पाणी आलं. ते पेट्रोलमुळे, असं ते सांगतात.

इथे एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायला हवी. मोजणीच्या माणसाला उष्णता ठाऊक असते. लोखंडी टेप उन्हात वाढते, म्हणून हिशेबात तेवढी दुरुस्ती करावी लागते. हे त्यांनी बत्तीस वर्षं केलं. त्यामुळे थंडीत ही नळी किती आखडेल तेही त्यांनी कागदावर काढलं. उत्तर आलं, नखाच्या जाडीएवढं. त्यांनी समाधानाने कागदाची घडी घातली. नळी मोजली. नळीतल्या हवेचा विचार मनात आला नाही. हवेचा सातबारा नसतो.

पेटी परत गेली. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत त्यांनी एकट्याने सराव केला, आणि एकट्याने वाजवलं की कुठलंही वाद्य सुरातच असतं.

मग उत्सव समितीचं पत्र आलं. साथीदारांनी वाद्याची माहिती विहित नमुन्यात भरून द्यावी. वाद्याचा प्रकार, बनावट, आणि वाद्य सुस्थितीत असल्याबद्दल तज्ज्ञाचा दाखला. मागच्या वर्षीच्या "ची"नंतर हा नमुना छापला होता, असं अलोणींना खात्रीने वाटलं आणि त्यांनी दोन दिवस जेवताना भाजी दुसऱ्यांदा घेतली नाही. तज्ज्ञ म्हणून अय्यूबभाईंनी गॅरेजच्या छापील कागदावर दाखला दिला. इंजिन: लागू नाही. ब्रेक: लागू नाही. हॉर्न: चालू. खाली शिक्का. समितीने तो फाइलला लावला. शिक्का असला की कागदाचं पोट भरतं.

दत्तजयंतीच्या दुपारी दोघं कळंबला निघाले. एसटीत कंडक्टर अमरसिंग राठोड यांनी नळी पाहिली.

"काका, शेतीचं सामान टपावर."

"शेतीचं नाही हे. वाद्य आहे."

"नळ हाये ना तो?"

"होता. आता वाद्य आहे."

"मंग वाजवून दाखवा. वाद्य असन तं मांडीवर ठेवा."

अलोणींनी सगळ्या एसटीदेखत खालचा सा लावला. ड्रायव्हरने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, उतरला आणि ब्रेकची हवा कुठून जाते ते शोधण्यात दहा मिनिटं घालवली. अमरसिंग म्हणाले, "वाद्यच हाये. पन आता यवतमाळ येईपावेतो नका वाजवू."

दुसऱ्या दिवशी सकाळचे सात. थंडी अशी की माणसं मफलरातून नमस्कार करत होती. मंदिराबाहेर शेकोटी पेटली होती. मंडप भरला. पेटीवर बाईंचे नेहमीचे साथीदार क्षितिज सर, कॉलेजात गणित शिकवणारे. त्यांनी पांढरी सहा धरली. बाईंनी नमन सुरू केलं. अलोणींनी डोळे मिटले, मनातल्या मनात दत्ताला हात जोडले, आणि सरळ बोटं टाकून सा लावला.

तो सा नव्हता. तो साच्या शेजारच्या घरात राहणारा कुणीतरी होता. पेटी म्हणते पांढरी सहा आणि नळी म्हणते काळी चार. बरोबर एक घर खाली, ना कमी ना जास्त, जणू कुणी दगड रोवून हद्द हलवली होती. अलोणींनी ओठ आवळले, गाल ताणले, मान वर केली. काही उपयोग झाला नाही. सांधा आत ढकलून नळी आखूड करावी, तर तिथे धर्मपालभाऊ.

नमन संपून बाई निरूपणाला लागल्या तेव्हा अलोणी वाकून बाहेर सटकले. उष्णता. त्यांना आता सगळं कळलं होतं. त्यांनी नळी शेकोटीवर धरली. अय्यूबभाई चप्पल न घालता मागे धावले. "नका शेकू साहेब, राहू द्या तसंच." पण उशीर झाला होता. नरसाळ्याकडचा भाग मऊ होऊन हळूच उजवीकडे वळला आणि थंड वारा लागताच तसाच कडक झाला. मंडपात परत येऊन बसले तेव्हा अलोणी सरळ समोर बघत होते आणि त्यांचं वाद्य तबलजीकडे बघत होतं.

मंडपात खुसखुस झाली. कुणीतरी म्हणालं, "बाप्पा, हुक्काच आनला." अलोणींनी ठरवलं की वाद्य खाली ठेवायचं आणि आयुष्यभर ऐकायला यायचं. ऐकणाऱ्यालाही पुण्य असतं.

बाईंनी चिपळ्या थांबवल्या. त्यांनी त्या नळीकडे पाहिलं, अलोणींकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "वाजवा बरं पुन्हा तुमचा सा."

अलोणींनी वाजवला. तो वाकडा सूर सगळ्या मंडपात नागडा उभा राहिला.

बाई क्षणभर ऐकत राहिल्या. मग पेटीकडे वळल्या. "क्षितिज, काळी चार घे. यांचं वाद्य थंडीनं बसलं आहे. साथीला आलेल्या माणसाला एकटं कसं ठेवायचं?"

क्षितिज सरांचा हात पेटीवरच थांबला. पन्नास वर्षांत बाईंनी पट्टी बदलली नव्हती. मग त्यांनी इतक्या घाईने काळी चार धरली की जणू बाईंनी विचार बदलायच्या आत धरायची होती. आणि बाई गायला लागल्या.

आता मी काय सांगू. दोन-तीन वर्षं आम्ही सगळे ऐकत होतो. वरच्या सुराला जाताना बाईंच्या गळ्याची शीर फुगायची, आवाज काठावर थरथरायचा, आम्ही श्वास धरून बसायचो आणि नंतर एकमेकांना सांगायचो की काय रंगलं. त्या सकाळी कुणाला श्वास धरावा लागला नाही. बाई वर गेल्या आणि तिथे बसल्या, अंगणात बसल्यासारख्या. काला फुटला तेव्हा शेजारी बसलेला एक तलाठी रडत होता, आणि तलाठी रडताना मी प्रथमच पाहिला. अलोणी सरळ बोटांनी, वाकड्या नळीतून, शेवटपर्यंत वाजवत राहिले. एकदाही "ची" झालं नाही.

प्रसाद घेताना बाई अलोणींजवळ आल्या. "मधुसूदनराव, तुमच्यामुळे मला पट्टी सोडावी लागली. मी हे सगळ्यांना सांगणार आहे."

"सांगा," अलोणी मान खाली घालून म्हणाले.

"पुढच्या वर्षी हेच वाद्य आणा. दुरुस्त केलेलं मला चालणार नाही." एवढं बोलून त्या हळूहळू, गुडघ्यावर हात ठेवत, पायऱ्या उतरल्या.

दारव्ह्याला परतल्यावर तिसऱ्या दिवशी अलोणी गॅरेजात गेले. त्यांच्या डोक्यात एक मोजणी जुळत नव्हती.

"अय्यूबभाई, चाळीस वर्षं तुम्ही थंडीतल्या वराती वाजवल्या."

"वाजवल्या."

"हवा थंड झाली की सूर उतरतो, हे तुम्हाले माहीत नव्हतं?"

अय्यूबभाईंनी प्लग दिव्यासमोर धरून पाहिला. "आमची अम्मी, अमिनाबी," ते म्हणाले, "वरच्या खोलीत राहे. जिना चढताना तिचं मले पाहवत नव्हतं. पन हात धरू देत नव्हती. म्हने, मी काय म्हातारी झाली? मंग आमी सांगतलं, अम्मी, वर छत गळून राह्यलं, दुरुस्तीले टाइम लागन, खाली झोप. गेली तोवर खालीच झोपली. रोज आमाले शिव्या द्याची, काय घर बांधलं म्हनून."

"आणि छत?"

"छताले काय झालं होतं? मागच्या वर्षी बाईले ऐकलं आन् मले अम्मी दिसली. आता येवढ्या मोठ्या बाईले कोन सांगन, खाली या म्हनून?" त्यांनी प्लग बसवून किक मारली. "तुमची बदनामी झाली साहेब. माफ करा."

अलोणी त्या बसच्या सीटवरून उठले. मग म्हणाले, "बदनामी? नखाच्या जाडीएवढी," आणि घरी गेले.

तेव्हापासून दोन दत्तजयंत्या झाल्या. बाई काळी चारला गातात. दर वर्षी सुरुवातीला भर मंडपात सांगतात की अलोणींच्या नळीपायी मला माझं घर सोडावं लागलं. लोक हसतात. अलोणी ती वाकडी नळी मांडीवर घेऊन मान डोलावतात, आणि बाजारात कुणी विचारलं की "काहून हो, बाईची पट्टी तुमीच बिघडवली ना?" तर "हो, मीच" म्हणतात. खरं काय ते सुचित्रावहिनींनी मला सांगितलं आणि आज मी तुम्हाला सांगितलं. कळंबला जाल तेव्हा हे तिथे बोलू नका, बाईंच्या कानावर जायला नको. आभाराच्या यादीत गॅरेजवाल्याचं नाव कधी येत नाही, आणि ते येऊही नये. पण काला वाटला जाईल, हात पुढे कराल, तेव्हा घास तोंडात घालण्याआधी एवढं करा: मनातल्या मनात अय्यूबभाईंची आठवण काढा.